जर्मनीतील नोकरी आणि मुलांसाठीचे किंडरगेल्ड : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

पुण्याच्या आसपास जर्मन कंपन्यांचे कारखाने आणि कार्यालये मोठ्या संख्येने असल्यामुळे चाकण, पिंपरी-चिंचवड किंवा हिंजवडी येथून स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टकडे नोकरीनिमित्त जाणारी मराठी कुटुंबे आता थोडी राहिलेली नाहीत. या कुटुंबांकडून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसतो, तो म्हणजे जर्मनीत मुलांसाठी दरमहा मिळणारी रक्कम, किंडरगेल्ड. म्हणून या अंकातील सदर आम्ही त्याच विषयाला दिले आहे. ब्रिटनमधून आलेले एक पत्रही सोबत घेतले आहे, कारण तेथील नियम नेमका उलटा आहे आणि तो ठाऊक नसल्यास कुटुंबाचे मोठे नुकसान होऊ शकते.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. किंडरगेल्ड हे अनुदान किंवा उपकार आहे, अशी समजूत अनेक पत्रांतून दिसते आणि त्यामुळे काही जण अर्ज करायलाच संकोचतात. वस्तुतः जर्मनीत त्याची तरतूद आयकर कायद्यात आहे. मुलाच्या किमान पालनपोषणासाठी जे उत्पन्न लागते त्यावर कर आकारू नये, असे तेथील तत्त्व असून ते पाळण्याचे दोन मार्ग कायद्याने ठेवले आहेत : एक दरमहा रोख रक्कम आणि दुसरा करपात्र उत्पन्नातून वजावट. जर्मनीत राहून कर भरणाऱ्या कुटुंबाला हा हक्क मिळतो, मग त्याचे नागरिकत्व कोणतेही असो. जानेवारी २०२५ पासून दर मुलामागे महिना २५५ युरो आणि जानेवारी २०२६ पासून २५९ युरो असा दर आहे. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मुलाला तो सारखाच आहे आणि आईवडिलांच्या पगारानुसार तो कमीजास्त होत नाही.

प्रश्न : आम्ही मार्च २०२४ मध्ये पुण्याहून स्टुटगार्टला आलो. माझ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास आणि नोकरीचा परवाना) आहे. पत्नी आणि दोन मुले (वय ७ आणि ३) सोबत आहेत. किंडरगेल्डसाठी स्वतः अर्ज करावा लागतो हे आम्हाला नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजाऱ्यांकडून कळले आणि त्याच महिन्यात आम्ही अर्ज दिला. मंजुरीचे पत्र आले, परंतु पैसे मे २०२५ पासूनचेच मिळाले. त्याआधीचे चौदा महिने कायमचे गेले का? आणि हे कंपनीने आपणहून सांगायला नको होते का?
— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. खासगी कंपनीचा या रकमेशी संबंध नसतो. अर्ज घेणे, तो तपासणे आणि पैसे देणे हे काम फामिलिएनकासे या कार्यालयाचे आहे आणि ते जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेच्या अखत्यारीत येते. नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याला ही माहिती देण्याची सक्ती कंपनीवर नाही. ती दिली जावी असे आम्हालाही मनापासून वाटते, कारण परक्या देशात घर, शाळा आणि विमा यांच्या धावपळीत असलेल्या माणसाला जे ठाऊकच नाही ते तो मागणार तरी कसे?

आता पैशांविषयी. अर्ज ज्या महिन्यात कार्यालयात पोहोचतो त्या महिन्याच्या आधीच्या फक्त सहा महिन्यांची थकबाकी दिली जाते, असा नियम २०१९ च्या जुलैपासून लागू आहे. आपला अर्ज नोव्हेंबरमध्ये पोहोचला म्हणून मे ते ऑक्टोबरची थकबाकी मिळाली. मार्च ते डिसेंबर २०२४ हे दहा महिने २५० युरोच्या तेव्हाच्या दराने आणि जानेवारी ते एप्रिल २०२५ हे चार महिने २५५ युरोच्या दराने धरले, तर एका मुलामागे ३,५२० युरो आणि दोन मुलांमागे ७,०४० युरो आपल्याला रोख मिळणार नाहीत. कारण कितीही खरे असले, तरी या मुदतीत सवलत मिळत नाही.

परंतु येथे हात टेकून बसण्याचे कारण नाही. मंजुरीचे पत्र पुन्हा नीट वाचा. हक्क कोणत्या महिन्यापासून ठरवला गेला आणि पैसे कोणत्या महिन्यापासून दिले गेले, या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि सहा महिन्यांची मर्यादा केवळ दुसरीला आहे. हक्क मार्च २०२४ पासून ठरवला असून रक्कम फक्त सहा महिन्यांच्या नियमामुळे रोखली असेल, तर त्या चौदा महिन्यांपुरती वजावट आपण प्राप्तिकर विवरणपत्रातून घेऊ शकता आणि कर कार्यालय तेव्हा ‘तुम्हाला किंडरगेल्ड मिळालेच होते’ असे धरू शकत नाही. मुलामागची वजावट २०२४ साठी वर्षाला ९,५४० युरो होती. दहा महिन्यांची ७,९५० युरो, म्हणजे दोन मुलांची १५,९०० युरो होते. आपल्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर साधारण ३० टक्के कर लागत असेल, तर केवळ २०२४ साठीच ४,७०० युरोंहून अधिक कर वाचतो. बुडालेल्या रकमेचा मोठा भाग अशा रीतीने परत येतो.

उलटपक्षी, मंजुरीच्या पत्रात हक्कच मे २०२५ पासून ठरवलेला दिसला, तर पत्र मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत लेखी हरकत नोंदवा आणि हक्क मार्च २०२४ पासून ठरवून द्यावा, अशी स्पष्ट मागणी करा. हरकतीला शुल्क नाही आणि त्यासाठी वकील लागत नाही. पत्रावरील संदर्भ क्रमांक, तारीख, मागणी आणि सही एवढे पुरते. ही हरकत न नोंदवता थेट करात वजावट मागणाऱ्यांचे दुहेरी नुकसान होते. एरवी कर कार्यालय किंडरगेल्ड प्रत्यक्ष घेतले की नाही हे न पाहता, तो हक्क होता एवढ्यावरच ती रक्कम हिशेबात धरते.

याच जागी आणखी एका वाचकांचे समाधान करतो. त्यांच्या कराच्या आदेशात किंडरगेल्डची वर्षाची रक्कम करात मिळवलेली दिसली आणि सरकारने दिलेले पैसे परत मागितले, असे त्यांना वाटले. तसे नाही. रोख रक्कम आणि वजावट यांपैकी कुटुंबाला अधिक फायद्याचे काय, हे कर कार्यालय स्वतः तपासते. २०२५ साठी वर्षाचे किंडरगेल्ड ३,०६० युरो आणि वजावट ९,६०० युरो आहे. म्हणजे वरच्या थरावरील कर जेथे सुमारे ३२ टक्क्यांच्या पुढे जातो, तेथे वजावट फायद्याची ठरते. अशा वेळी वजावट देऊन आधी दिलेली रोख रक्कम त्यातून वळती केली जाते आणि वरचा फरक कुटुंबाच्या पदरात पडतो.

प्रश्न : माझ्या पतीच्या मित्रांचे म्हणणे असे की सरकारी पैसे घेतल्यास पुढे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळण्यात अडचण येते. म्हणून आम्ही मुलीच्या जन्मानंतरही अर्ज केलेला नाही. आमची भीती योग्य आहे का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : योग्य नाही, आणि या भीतीपायी आपण दरमहा आपल्या मुलीच्या हक्काचे पैसे सोडून देत आहात. परदेशी नागरिकांच्या वास्तव्याविषयीच्या जर्मन कायद्यात, कलम २ च्या उपकलम ३ मध्ये, कोणत्या रकमा घेतल्यास ‘सार्वजनिक निधीचा आधार घेतला’ असे मानले जाणार नाही याची यादीच दिली आहे. किंडरगेल्ड त्या यादीत आहे. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारा वाढीव बालभत्ता आणि बाळंतपणानंतर नोकरीतून रजा घेणाऱ्या आईला किंवा वडिलांना मिळणारे एल्टर्नगेल्ड हेही तिच्यात आहेत. ज्या मदतीमुळे अडचण येऊ शकते ती वेगळी. ती म्हणजे स्वतःचा चरितार्थ चालत नाही म्हणून घेतलेला निर्वाह भत्ता. दोन्ही गोष्टी एकाच सरकारकडून येतात म्हणून त्या एक ठरत नाहीत.

मुलीचा जन्म जर्मनीत झाला की भारतात, तिचे पारपत्र कोणत्या देशाचे, यावर काही अवलंबून नाही. आईवडिलांपैकी अर्ज करणाऱ्याचा परवाना मात्र पाहिला जातो. ब्लू कार्ड, कंपनीअंतर्गत बदलीवर आलेल्यांचे आयसीटी कार्ड, तसेच किमान सहा महिने नोकरी करण्याची मुभा देणारा निवास परवाना असलेल्यांना हक्क मिळतो. नोकरीची मुभा असलेल्या जोडीदाराच्या कौटुंबिक परवान्यावरही तो मिळतो. केवळ नोकरी शोधण्यासाठी आलेल्यांना आणि हंगामी कामावर आलेल्यांना तो मिळत नाही. शिकण्याच्या परवान्यावर असलेल्यांना तो तेव्हाच मिळतो, जेव्हा ते परवानगीच्या मर्यादेत नोकरी करत असतात. बदलीवर आलेल्या अनेकांचा भविष्य निर्वाह निधी भारतातच चालू असतो आणि त्यामुळे जर्मनीतील हक्क जातो, असे त्यांना वाटते. भारतात वर्गणी चालू असल्याचे जे प्रमाणपत्र त्यांना मिळते, ते निवृत्तिवेतनासारख्या सामाजिक विम्याच्या वर्गणीपुरते असते. किंडरगेल्डचा आधार आयकर कायदा असल्यामुळे त्याचा येथे संबंध येत नाही.

आज अर्ज केलात तरी मागचे सहा महिने मिळतील. त्यापूर्वीच्या महिन्यांसाठी वरच्या उत्तरातील वजावटीचा मार्ग आहेच.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर पती आणि दोन मुलांसह राहते. येथे जन्मलेल्या धाकट्या मुलासाठी चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा येथील सरकारी भत्ता, मागता येईल, असे एका ओळखीच्या बाईंनी सांगितले. अर्ज करू का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : कृपया करू नका. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर बहुधा ‘सार्वजनिक निधीस पात्र नाही’ अशी अट लिहिलेली असते आणि तेथील कायद्यानुसार चाइल्ड बेनिफिट हा सार्वजनिक निधीच मानला जातो. अट असताना अर्ज केल्यास व्हिसाच्या शर्तीचा भंग होतो, दिलेली रक्कम परत मागितली जाते आणि पुढील मुदतवाढीत ते प्रकरण आडवे येऊ शकते. मूल तेथे जन्मले म्हणून आपल्या व्हिसावरील अट उठत नाही. म्युनिकच्या वाचकांना आम्ही निःशंक अर्ज करण्यास सांगितले आणि आपल्याला थांबण्यास सांगत आहोत, याचे कारण देश वेगळे आणि कायदे वेगळे एवढेच आहे. परदेशातील ओळखीच्यांचा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो ज्या देशातला आणि ज्या व्हिसावरचा असेल तेथेच लागू पडतो.

सरकारी शाळा आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा यांचा लाभ या अटीत मोडत नाही, तेव्हा मुलांची शाळा आणि दवाखाना याबाबत निर्धास्त राहावे. आपले पती ब्रिटिश नागरिक असतील किंवा त्यांच्या परवान्यावर ही अट नसेल, तर त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करण्याचा विचार करता येतो. मात्र अर्जापूर्वी दोघांची कागदपत्रे इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला दाखवावीत. कायम वास्तव्याची परवानगी मिळाली की ही अट जाते. तेव्हा उशीर करू नये, कारण तेथे थकबाकी तीनच महिन्यांची मिळते. २०२५-२६ साठी पहिल्या मुलामागे आठवड्याला २६.०५ पाउंड आणि पुढच्या प्रत्येकामागे १७.२५ पाउंड असा दर आहे. जोडप्यातील एकाचे वार्षिक उत्पन्न ६०,००० पाउंडांच्या वर गेले की तो लाभ कराच्या रूपाने हळूहळू परत घेतला जातो आणि ८०,००० ला तो पूर्ण संपतो.

प्रश्न : आमच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर, पारपत्रावर आणि जर्मनीतील कर क्रमांकाच्या पत्रावर नावे सारखी नाहीत. माझेही नाव दाखल्यावर लग्नानंतरचे आणि पारपत्रावर माहेरचे आहे. फामिलिएनकासेने दोनदा कागद परत मागवले. काय करावे?
— एक वाचक, फ्रँकफर्ट

उत्तर : महाराष्ट्रातील कुटुंबांच्या अर्जांत ही अडचण सर्वाधिक येते आणि तिचे मूळ आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव एका रकान्यात आणि आईवडिलांची नावे वेगळ्या रकान्यांत असतात. पारपत्रात वडिलांचे नाव मुलाच्या नावाला जोडून येते. जर्मनीत पत्ता नोंदवताना कर्मचारी पारपत्रावरून नाव उतरवतो आणि त्या नोंदीवरून अकरा अंकी कर क्रमांक तयार होतो. मधले नाव ही कल्पनाच ज्या अधिकाऱ्याला परिचित नाही, त्याच्यापुढे हे कागद आले की तो एकाच मुलाला दोन मुले समजतो. त्यात त्याचा दुष्ट हेतू नसतो; आपण त्याला समजावून सांगायचे असते.

जर्मन भाषेत एक पानभर निवेदन तयार करा. महाराष्ट्रात वडिलांचे नाव मुलाच्या नावानंतर लावण्याची पद्धत आहे, त्यामुळे अमुक कागदावरील नाव आणि तमुक कागदावरील नाव एकाच मुलाचे आहे, असे त्यात सरळ लिहा आणि दोघांनी सह्या करा. सोबत मुलाचे पारपत्र, जन्मदाखला आणि पत्त्याची नोंद झाल्याचा कागद यांच्या प्रती लावा. आपल्या नावातील फरक बहुधा विवाह नोंदणी प्रमाणपत्राने जुळतो, कारण पत्नीचे माहेरचे नाव आणि पतीचे नाव त्या सरकारी कागदावर एकत्र दिसते. ज्यांनी विवाहाची नोंदणीच केलेली नाही त्यांनी ती भारतातून निघण्यापूर्वी करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. नंतर दूर देशातून ती करणे फार जिकिरीचे होते.

आपल्याकडचे दाखले मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले असतात, त्यामुळे पुष्कळदा इंग्रजी मजकुरावर काम भागते. अधिकाऱ्याने जर्मन अनुवाद मागितलाच, तर तो जर्मनीतील शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यावा, ओळखीच्या माणसाने केलेला चालत नाही. मात्र दाखल्यावर स्पेलिंगची खरीच चूक असेल तर निवेदनाने भागवू नका. ज्या महापालिकेत, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तेथून दुरुस्ती करून घ्या. काही जुन्या दाखल्यांत मुलाच्या नावाचा रकाना रिकामा असतो. नोंदीपासून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येते, हे अनेकांना ठाऊक नसते.

कर क्रमांकाविषयीही थोडे. अर्जात मुलाचा आणि अर्जदाराचा असे दोन्ही क्रमांक २०१६ पासून सक्तीचे आहेत. पत्त्याची नोंद केल्यावर काही आठवड्यांत तो टपालाने येतो आणि घराच्या पत्रपेटीवर आपले आडनाव लावलेले नसले तर टपाल परत जाते. अनेक कुटुंबांचा अर्ज केवळ तेवढ्यासाठी महिनाभर रखडतो. अर्ज करताना आईवडिलांपैकी एकालाच अर्जदार ठरवावे लागते आणि दुसऱ्याने संमतीची सही करायची असते. रक्कम दोघांपैकी कोणालाही तेवढीच मिळते, म्हणून ज्याच्या परवान्याची मुदत अधिक लांबची आहे त्याने अर्ज करणे सोयीचे ठरते. परवान्याची मुदत संपली की रक्कम थांबते. नूतनीकरण चालू असेल तर परकीय नागरिक कार्यालयाकडून मिळणारे तात्पुरते प्रमाणपत्र, म्हणजे फिक्सिओन्सबेशायनिगुंग, लगेच पाठवावे.

अर्ज भरून देण्यासाठी पैसे घेणारी संकेतस्थळे बरीच आहेत. अधिकृत अर्ज विनाशुल्क आहे आणि तो ऑनलाइनही भरता येतो, त्यामुळे कृपया कोणालाही त्यासाठी पैसे देऊ नका.

प्रश्न : मी एकटाच जर्मनीत नोकरी करतो. पत्नी आणि मुलगी नाशिकला आहेत. मी येथे पूर्ण कर भरतो, मग मला किंडरगेल्ड का नाही?
— एक वाचक, हॅनोव्हर

उत्तर : आईवडिलांपैकी अर्जदाराने जर्मनीत राहून कर भरणे ही एक अट झाली; मुलाचे घर जर्मनीत, युरोपीय संघात किंवा त्याला जोडलेल्या आर्थिक क्षेत्रातील देशात असले पाहिजे, अशी दुसरी अट आहे आणि आपली मुलगी नाशिकला राहते. आपला प्रश्न न्यायाच्या दृष्टीने रास्त आहे. बापाने भरलेला कर तेवढाच असतो आणि लेकीचा खर्चही खराच असतो. परंतु रोख रकमेबाबत कायदा स्पष्ट आहे आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा कराराने, जो मे २०१७ पासून लागू आहे, त्यात बदल झालेला नाही. तो करार मुख्यतः निवृत्तिवेतनासंबंधी आहे.

वजावट मात्र आपण घेऊ शकता आणि फार थोडे लोक ती घेतात. परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी त्या देशातील राहणीमान पाहून वजावटीचा हिस्सा ठरतो. भारतासाठी तो एक चतुर्थांश आहे. पत्नी जर्मनीत राहत नसल्यामुळे आईचा वाटाही आपल्यालाच मिळतो. म्हणजे २०२५ साठी ९,६०० चा चौथा हिस्सा २,४०० युरो आणि २०२६ साठी ९,७५६ च्या हिशेबाने २,४३९ युरो आपल्या करपात्र उत्पन्नातून कमी होतील. विवरणपत्राच्या मुलांविषयीच्या जोडपत्रात मुलीचा जन्मदाखला आणि पत्ता देऊन ही मागणी करायची असते. विवरणपत्र भरणे ज्यांना सक्तीचे नाही, त्यांना ते चार वर्षांपर्यंत मागचे भरता येते, तेव्हा मागील वर्षांचाही विचार करा.

प्रश्न : आमचा मुलगा आखेनला शिकतो. तेथील विद्यार्थ्यांना पंचवीस वर्षांपर्यंत किंडरगेल्ड मिळते असे तो सांगतो. आम्ही दोघे कोल्हापूरला असतो. त्याला मिळेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. अठराव्या वर्षानंतर शिक्षण चालू असेपर्यंत पंचविशीपर्यंत रक्कम मिळते हे खरे, पण हक्क आईवडिलांचा असतो आणि आपण जर्मनीत राहत नाही. विद्यार्थ्याला स्वतःसाठी तो मागता येतो, पण केवळ आईवडील हयात नसतील किंवा त्यांचा ठावठिकाणा माहीत नसेल तरच.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो. पाळणाघरात जागा न मिळाल्यामुळे चार वर्षांच्या मुलाला काही महिने साताऱ्याला आजी-आजोबांकडे ठेवायचा विचार आहे. किंडरगेल्ड चालू राहील का?
— एक वाचक, न्यूर्नबर्ग

उत्तर : सुट्टीतील मुक्कामाने किंवा परत येण्याचे ठरलेले असताना काही महिने भारतात राहिल्याने मुलाचे जर्मनीतील घर संपत नाही. त्याची खोली, सामान, विमा आणि परतीचे नियोजन तेथे कायम असेल तर अडचण येऊ नये. परंतु साताऱ्याला शाळेत नाव घातले, मुक्काम वर्षाच्या पुढे गेला आणि मूल सुट्टीतही जर्मनीत आले नाही, तर त्याचे वास्तव्य भारतात गेले असे मानले जाते आणि रक्कम थांबते. ‘काही महिने’ हा शब्द सोयीनुसार लांबवत नेऊ नये; मुक्काम सुरू होतानाच फामिलिएनकासेला लेखी कळवावे आणि त्यांचे उत्तर जपून ठेवावे. चार वर्षांच्या मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवण्याचा निर्णय सोपा नाही, याची आम्हाला जाणीव आहे. आपल्या शहराच्या युवक कल्याण कार्यालयाकडे पाळणाघराच्या जागेसाठी लेखी मागणी केली आहे का? एका वर्षाच्या पुढच्या मुलाला अशी जागा मिळण्याचा हक्क जर्मनीत कायद्याने दिलेला आहे.

प्रश्न : आम्ही मागील जुलैमध्ये कायमचे पुण्यात परतलो. शहरातून निघताना पत्त्याची नोंद रद्द केली, त्यामुळे सगळे आपोआप बंद होईल असे वाटले. आता लक्षात येते की जर्मनीतील बँक खात्यात डिसेंबरपर्यंत किंडरगेल्ड जमा होत राहिले. हे पैसे खात्यात तसेच आहेत. आता काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पैसे तसेच ठेवलेत हे उत्तम केलेत. पत्त्याची नोंद रद्द केली म्हणून कळवण्याची जबाबदारी संपत नाही. परिस्थितीतील प्रत्येक बदल अर्जदाराने स्वतः फामिलिएनकासेला सांगायचा असतो, मग तो स्थलांतराचा असो, जोडीदारापासून विभक्त होण्याचा असो किंवा मुलाने शिक्षण सोडल्याचा असो. माहीत असूनही लपवल्यास दंड होऊ शकतो आणि गंभीर प्रकरणात ते करचुकवेगिरीत मोडते, कारण ही रक्कम कर कायद्याखाली येते. आपण स्वतःहून कळवत आहात, यामुळे आपली बाजू भक्कम राहते.

आजच पत्र लिहा. किंडरगेल्ड क्रमांक, सर्वांनी जर्मनी सोडल्याची तारीख, पत्त्याची नोंद रद्द झाल्याचा दाखला, पारपत्रावरील शिक्के आणि विमानाचे तिकीट सोबत जोडा. ज्या महिन्यात अट संपते तो पूर्ण महिना हक्काचा असतो. म्हणजे जुलैची रक्कम आपली आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचे पाच हप्ते परत द्यायचे. मात्र आपण होऊन अंदाजाने रक्कम पाठवू नका. परतफेडीचा आदेश येईल, त्यात रक्कम, खाते आणि संदर्भ क्रमांक असेल, त्यानुसारच पैसे पाठवा. हिशेब चुकला आहे असे वाटल्यास एका महिन्याच्या आत हरकत घ्यावी. एकदम देणे ज्यांना जड जाईल त्यांना हप्ते मागता येतात.

हा आदेश टपालाने येतो आणि तो जुन्या पत्त्यावर गेला तर आपल्याला कळण्याआधीच मुदती उलटून जातात. म्हणून पत्रात पुण्याचा संपूर्ण पत्ता पिनकोडसह इंग्रजी लिपीत द्या, शक्य असल्यास जर्मनीत टपाल स्वीकारणारी विश्वासू व्यक्ती नेमल्याचे लेखी कळवा आणि परतफेड पूर्ण झाल्याची नोंद हाती येईपर्यंत तेथील बँक खाते बंद करू नका.